कंगवा, कागदाचा कपटा आणि छत्तीस चोक एकशे चव्वेचाळीस

कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा चार-पाच वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडी मारून त्याला चिकटतात. अख्खी पृथ्वी त्या कपट्याला खाली ओढतेय, आणि एवढासा कंगवा तिच्यावर मात करतो! मला हे आजही थक्क करतं.

हे विद्युत बल अंतरानुसार कसं बदलतं, ते १७८५ मध्ये मोजून दाखवलं शार्ल कूलॉम या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने. केसासारख्या बारीक चांदीच्या तारेला टांगलेली आडवी काडी, तिच्या टोकाला हलकी गोळी आणि शेजारी तशीच एक स्थिर गोळी. दोघींना सारखाच विद्युतभार दिला की त्या एकमेकींना ढकलतात आणि तार बलाच्या प्रमाणात पिळली जाते. आधी गोळ्या ३६ अंशांवर थांबल्या; तारेचा पीळही तेवढाच. मग वरून तार १२६ अंश पिळल्यावर त्या १८ अंशांवर आल्या. म्हणजे एकूण पीळ १२६ अधिक १८, १४४ अंश. अंतर निम्मं, बल बरोब्बर चौपट!

एकेक कूलॉमचे (विद्युतभाराचं एकक त्याच्याच नावाचं आहे) दोन भार मीटरभर अंतरावर ठेवता आले, तर त्यांच्यातलं बल सुमारे नऊ लाख टन वजनाइतकं भरेल. एरवी ते जाणवत नाही, कारण प्रत्येक वस्तूत धन आणि ऋण भार जवळपास तंतोतंत सारखे असतात.

पावसाळ्यात दमट हवेमुळे कंगव्याचा प्रयोग फसतो. डिसेंबर-जानेवारीत घरातल्या मुलांना नक्की करून दाखवा.