कमरेला रिव्हॉल्व्हर : परवाना, वजन आणि पट्टा

रोज कमरेच्या पट्ट्याला लावून वावरण्यासाठी रिव्हॉल्व्हर निवडताना नाशिकच्या नागरिकाला बंदुकीच्या दुकानाआधी सरकारी कचेरीची पायरी चढावी लागते. कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना अग्निशस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे आणि कोणते शस्त्र घेता येईल याच्या मर्यादाही बहुतांशी कायद्यानेच आखून दिलेल्या आहेत. शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त, तर ग्रामीण तालुक्यांत जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी हा परवाना देतात. अर्जदाराने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावी लागतात, पोलिसांचा चौकशी अहवाल अनुकूल असावा लागतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि शस्त्राची गरज खरोखरच आहे हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, सराफ, पेट्रोलपंपचालक किंवा मळ्यातल्या एकाकी वस्तीवर राहणारा बागायतदार अशी कारणे अर्जांत दिली जातात. मात्र कारण दिले म्हणजे परवाना मिळालाच असे नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

दुसरी मर्यादा बोअरची. बोअर म्हणजे शस्त्राच्या नळीच्या पोकळीचा व्यास. तो इंचाच्या दशांश अपूर्णांकांत सांगण्याची जुनी इंग्रजी पद्धत भारतात रूढ आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ती काडतुसे ज्यांतून झाडता येतील अशी शस्त्रे प्रतिबंधित बोअरची मानली जातात. त्यामुळे ९ मिलिमीटरचे पिस्तूल किंवा .३८० आणि .४५५ ची काडतुसे घेणारी जुनी सैनिकी रिव्हॉल्व्हरे सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येत नाहीत. सरकारी काडतुसे बाहेर फुटू नयेत, हा या नियमामागचा उघड हेतू आहे. त्याच्या कक्षेबाहेर राहते ते प्रामुख्याने .३२ बोअर, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. त्याचे रिव्हॉल्व्हरमधील काडतूस स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणले. अमेरिकेत त्याची जागा अधिक जोरकस काडतुसांनी केव्हाच घेतली. भारतात मात्र कायद्याच्या कुंपणामुळे ते टिकून राहिले, आणि अमेरिकी पुस्तकांतील निवडीचे सल्ले येथे फारसे कामी येत नाहीत याचे मोठे कारण तेच आहे.

शस्त्रावरील या नियंत्रणाला नाशिकमध्ये एक वेगळा इतिहास आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याविना शस्त्र बाळगण्यास मनाई केली होती. तो कायदा लागू असतानाच २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’ या नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी, अनंत कान्हेरे या तरुणाने नाशिकचे जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या घटनेच्या लोकप्रिय कथनांत ‘रिव्हॉल्व्हर’ हा शब्द सर्रास येत असला, तरी खटल्यात गाजली ती ब्राउनिंग पिस्तुले होती. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत अशी वीस पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यात दडवून पाठवल्याचा आरोप होता. पिस्तुलात काडतुसे मुठीतील सपाट मॅगझिनमध्ये एकावर एक बसतात; रिव्हॉल्व्हरमध्ये ती नळीच्या मागे फिरणाऱ्या गोल चक्रात, म्हणजे सिलिंडरमध्ये, वेगवेगळ्या घरांत असतात. चोरकप्प्यात सपाट वस्तू मावते, फुगीर मावत नाही. आणि शर्टाखाली कमरेला शस्त्र लावणाऱ्यालाही नेमकी हीच अडचण येते.

तरीही रिव्हॉल्व्हर निवडणारे असतात, ते त्याच्या साधेपणामुळे. ते भरलेले आहे की रिकामे हे चक्र उघडताच दिसते. एखादे काडतूस फुसके निघाले, तर चाप पुन्हा ओढताच चक्र फिरून पुढचे काडतूस नळीसमोर येते. पिस्तुलात मात्र अडकलेले काडतूस हाताने काढावे लागते. महिनोन्महिने न झाडता बाळगल्या जाणाऱ्या शस्त्रात हा गुण मोलाचा ठरतो. त्याची किंमत क्षमतेत मोजावी लागते, कारण चक्रात बहुधा सहाच काडतुसे बसतात.

देशी बाजारात पर्याय मोजकेच आहेत. सरकारी आयुध निर्माणींचे .३२ चे जुने रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्ली घडणीचे असून बिजागरीवर मोडून उघडते, म्हणजे नळी खाली झुकते आणि काडतुसे मागून भरता येतात. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ बाजारात आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे हे रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून दागिन्यांच्या पेटीसारख्या पेटीत दिले जाई आणि त्याची किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये होती. ती किंमत आणि परवान्याची वाट पाहता ते सामान्य स्त्रीच्या रक्षणासाठी आहे हे म्हणणे जाहिरातीपुरतेच खरे होते. हलके असल्यामुळे पुरुष ग्राहकांनाही ते आवडले, यात नवल नाही. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘निडर’ जेमतेम २५० ग्रॅमचे आहे, पण ते .२२ बोअरचे असल्याने त्याच्या गोळीचा जोर फारच कमी आहे. निर्माणींचे २०२१ मध्ये सात कंपन्यांत रूपांतर झाले आणि त्यांपैकी कानपूरच्या अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबळ’ आणले. त्याचे चक्र बाजूला बाहेर येते, नळी ७६ मिलिमीटरची आणि रिकामे असताना वजन ६७५ ग्रॅम आहे. पन्नास मीटरच्या पल्ल्याचा त्याच्याबाबत बराच गाजावाजा झाला. पण स्वसंरक्षणाचे प्रसंग चार-पाच पावलांच्या अंतरावर घडतात आणि पन्नास मीटरवरून गोळी झाडणाऱ्याला आपण स्वतःचा बचावच करत होतो हे न्यायालयात पटवून देणे जड जाईल, तेव्हा पट्ट्याला लावण्याच्या दृष्टीने हा आकडा गौण आहे. आयात जवळजवळ बंद झाल्यापासून जुन्या परदेशी रिव्हॉल्व्हरांचे भाव मात्र अवाच्या सवा वाढले आहेत.

निवडीतील सर्वांत कठीण प्रश्न वजनाचा आहे, आणि दुकानात दोन मिनिटे हातात धरून तो सुटत नाही. सहा काडतुसे भरल्यावर ‘प्रबळ’सारखे शस्त्र पाऊण किलोच्या आसपास जाते, आणि हा भार दहा-बारा तास कमरेच्या एकाच बाजूला लोंबतो. पट्टा मऊ असेल तर तो त्या बाजूला खाली ओढला जातो, मूठ बाहेर झुकते, शर्ट तिच्यावर ताणला जातो, आणि संध्याकाळपर्यंत माणूस नकळत दर दहा मिनिटांनी कंबर सावरत राहतो. ही सवयच कमरेला शस्त्र असल्याची जाहिरात करते. हलके रिव्हॉल्व्हर घेतले की हा जाच कमी होतो, पण झाडताना बसणारा मागचा झटका वाढतो, कारण त्याच गोळीचा धक्का पेलायला धातू कमी असतो. .३२ चा झटका मुळात सौम्य असल्याने भारतात हा सौदा हलक्या शस्त्राच्या बाजूने झुकतो. शक्तिशाली काडतुसांच्या देशांत तो तसा झुकत नाही. नळीची लांबीही अशीच विचारात घ्यावी लागते. लांब नळीने नेम साधणे सोपे जाते. पण पंचवटीहून सातपूरला दुचाकीवरून जाणाऱ्याच्या जांघेत तिचे टोक रुतते आणि मोटारीत बसताना ती मूठ वर ढकलते. तीन इंचांच्या आतबाहेरची नळी म्हणूनच बहुतेकांना सोयीची पडते.

त्यानंतर चाप आणि घोडा पाहावेत. चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग, आणि घोडा म्हणजे मागून आदळून काडतूस पेटवणारा भाग. डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच लांब आणि जड ओढीने घोडा मागे जातो, चक्र फिरते आणि घोडा सुटतो. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये अंगठ्याने घोडा आधी चढवावा लागतो आणि मग चाप अगदी हलका होतो. बहुतेक रिव्हॉल्व्हरांना पिस्तुलासारखा सुरक्षा-खटका नसतो, त्यामुळे डबल अ‍ॅक्शनची ती जड ओढ हेच त्यांचे खरे संरक्षण असते. ती हलकी करून घेण्याची हौस अनेकांना असते आणि पट्ट्याला लावायच्या शस्त्रात ती घातक आहे. वाडवडिलांकडून आलेल्या जुन्या शस्त्रात, घोड्यावर आघात झाला तरी काडतूस पेटू नये अशी अंतर्गत योजना आहे की नाही, हे परवानाधारक शस्त्रकारागिराकडून तपासून घ्यावे आणि ती नसेल तर घोड्यासमोरचे घर रिकामे ठेवावे, म्हणजे सहाऐवजी पाचच काडतुसे भरावीत. घोड्याचे टोक मोठे असले तर ते शर्टाच्या अस्तरात अडकते, एवढी एक बारीक गोष्टही पाहून घेतलेली बरी.

शस्त्रावर लाखभर रुपये खर्च करून होल्स्टर, म्हणजे शस्त्र ठेवायचे म्यान, फुटकळ घेण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते, आणि अपघातांचे मूळ बहुधा तिथेच असते. चांगले होल्स्टर त्याच घडणीच्या रिव्हॉल्व्हरसाठी बेतलेले असते, चाप आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकते, रिव्हॉल्व्हर काढल्यावरही त्याचे तोंड मिटत नाही आणि बटणाच्या पट्टीने ते शस्त्र जागच्या जागी धरून ठेवते. पट्टा दीड इंच रुंद, दुपदरी कातड्याचा आणि ताठ असावा. नाशिकच्या हवामानाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पातळ सुती सदऱ्यातून शस्त्राची आकृती उमटते आणि घाम थेट धातूवर उतरतो. जून ते सप्टेंबर, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला, हवा इतकी दमट असते की कातड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर राहिलेल्या रिव्हॉल्व्हरच्या काळसर पॉलिशवर सकाळी तांबूस ठिपके दिसू लागतात, कारण कातडे ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्ये धातूला खातात. म्हणून घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून, होल्स्टरमधून काढून, तेलाचे बोट फिरवून कुलपात ठेवायचे असते.

शस्त्र झाकलेले असणे हा केवळ शिष्टाचार नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तत्सम आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. लग्नात, मिरवणुकीत ते मिरवणे किंवा हवेत बार काढणे हा परवाना गमावण्याचा मार्ग आहे, आणि आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंतचा दंड होऊ शकतो. वाढदिवसाच्या फलकांवर आणि रील्समध्ये कमरेचे शस्त्र झळकवणाऱ्यांना हे ठाऊक नसते असे मानणे कठीण आहे. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला असला, तरी आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही, आणि पोलिसांची मदत मिळवायला वेळ होता तर तो हक्कच उरत नाही.

रोज बाळगण्यासाठी घेतलेले हे शस्त्र काही काळ रोज बाळगता येतच नाही, हेही निवड करताना धरून चालावे लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली की छाननी समिती ज्यांची शस्त्रे ताब्यात घेण्याचे ठरवते, त्यांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ मध्ये नाशिककरांनी २० मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान केले, म्हणजे ही वेळ एकाच वर्षात दोनदा आली. जमा केलेले शस्त्र कित्येक आठवडे कोठीत पडून राहते, त्यामुळे देण्यापूर्वी त्याला नेहमीपेक्षा जाड तेल लावावे, होल्स्टर घरीच ठेवावे आणि पावतीवरील क्रमांक शस्त्रावर कोरलेल्या क्रमांकाशी ठाण्यातच, अंमलदारासमोर, ताडून घ्यावा.