पेण ते रोहा, होस्ट चार, कंट्रोल एक: व्हीसेंटर सर्व्हर कसा बसवतात?

एका दणकट कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक स्वतंत्र कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि खऱ्या कॉम्प्युटरला होस्ट. तुमच्या फोनमधली बरीच ॲप्स पलीकडे अशाच मशीनवर चालतात.

आता समजा, एका कंपनीचे दोन होस्ट पेणला आणि दोन रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत आहेत. चार होस्ट, चार लॉगिन, डोक्याला ताप! होस्टवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय असेल, तर चारही एका स्क्रीनवर आणतो तो व्हीसेंटर सर्व्हर.

तो बंद पडला तर?

पेणचा गणपती कारखाना आठवा. मालक दोन दिवस गावाला गेला तरी कारागिरांचं रंगकाम थांबत नाही. फक्त कोणाला कुठे हलवायचं, हे अडतं. व्हीसेंटरचंही तसंच. तो बंद पडला तरी व्हर्च्युअल मशीन चालूच राहतात. चालू मशीन न थांबवता दुसऱ्या होस्टवर नेणं आणि लोड वाटणं मात्र थांबतं.

बसवायचा कसा?

व्हीस्फिअर ७ पासून, म्हणजे २०२० पासून, व्हीसेंटर फक्त तयार लिनक्स अप्लायन्स म्हणून मिळतो. म्हणजे तो स्वतःच एक व्हर्च्युअल मशीन आहे!

१. आधी डीएनएस. नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही बरोबर यायला हवं. सगळ्या होस्टची घड्याळंही एनटीपीने जुळवा.

२. पहिला टप्पा: लॅपटॉपवरून इन्स्टॉलर चालवा, होस्टचा पत्ता द्या, साईज निवडा. आपल्याला 'टायनी' पुरे. ती १० होस्ट आणि १०० मशीन सांभाळते. संपला की स्नॅपशॉट घ्या.

३. दुसरा टप्पा: लॉगिनचं डोमेन आणि ॲडमिनचा पासवर्ड ठरवा. मग एकेक होस्ट जोडा.

खरी परीक्षा वीज गेल्यावर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि जिल्ह्यात कित्येक ठिकाणी विजेचे खांब आडवे झाले. अशा वेळी सगळे होस्ट बंद पडले, तर व्हीसेंटरही बंद. मग त्याला चालू कोण करणार? तुम्हीच, थेट होस्टवर लॉगिन करून. म्हणून मी नेहमी सांगतो: व्हीसेंटर कुठल्या होस्टवर आहे आणि त्या होस्टचा आयपी काय, हे कागदावर लिहून ठेवा. पासवर्डचा कागद वेगळा, कुलपात. डीएनएसही व्हर्च्युअल मशीनवर असेल, तर आधी ते चालू करा.

आणि बॅकअप? ५४८० पोर्टवरच्या पेजवर रोजची वेळ लावता येते. व्हीसेंटर पेणला असेल, तर बॅकअप रोह्याला पाठवा. एकाच खोलीत दोन्ही ठेवले, तर पाणी शिरल्यावर दोन्ही जातील.

घरी फुकटात शिकायचंय? जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकून बघा. त्यात क्लस्टरमधल्या कुठल्याही होस्टच्या वेबपेजवरून सगळे होस्ट दिसतात. अडलं तर कमेंटमध्ये विचारा!