पाटणचा कौल : पक्षाला की गटाला?

महाराष्ट्र विधानसभेची पुढील सार्वत्रिक निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. तिला अवकाश असला, तरी सातारा जिल्ह्यातील पाटण मतदारसंघात निवडणूक संपली असे कधी होतच नाही. एका निवडणुकीचा गुलाल उतरतो न उतरतो तोच दुसरीची जुळवाजुळव सुरू होते. देसाई गट आणि पाटणकर गट ही येथील राजकारणाची खरी नावे. पक्षांची नावे त्यांच्यामागून येतात.

बाळासाहेब देसाई यांनी या डोंगरी तालुक्याचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले. शिक्षणमंत्री या नात्याने आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांना त्यांनी मिळवून दिलेली फीमाफी जुन्या पिढीतील अनेक शिक्षकांच्या आजही स्मरणात आहे. १९८३ मध्ये त्यांच्या निधनानंतर विक्रमसिंह पाटणकर विधानसभेत गेले आणि तेथे दोन दशके टिकले. २००४ मध्ये बाळासाहेबांचे नातू शंभूराज देसाई यांनी शिवसेनेच्या चिन्हावर त्यांचा पराभव केला. २००९ मध्ये पाटणकर पुन्हा निवडून आले, ते अवघ्या ५८० मतांनी! २०१४ व २०१९ मध्ये देसाई यांनी विक्रमसिंहांचे पुत्र सत्यजितसिंह यांना हरविले.

येथवर गट आणि पक्ष यांची सांगड निदान समजण्याजोगी होती. २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि देसाई एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले. २०२४ मध्ये महाविकास आघाडीच्या वाटपात ही जागा उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेस सुटल्याने सत्यजितसिंह अपक्ष उभे राहिले. देसाई सुमारे ३५ हजार मतांनी विजयी झाले. अपक्ष असूनही दुसऱ्या क्रमांकाची मते पाटणकरांनाच पडली आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा राहिला. मतदाराने चिन्ह पाहिले की माणूस, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. पुढे २०२५ मध्ये सत्यजितसिंहांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच महायुतीच्या छत्राखाली आले.

यातून उद्भवणारा प्रश्न उमेदवारीच्या वाटपापुरता नाही. लोकशाहीत विरोधी पक्षाचे काम सरकारला जाब विचारण्याचे असते. तालुक्यातील दोन्ही प्रबळ गट सत्तेच्याच बाजूस असतील, तर हा जाब विचारावयाचा कोणी? आणि जाब विचारण्याजोगे येथे पुष्कळ आहे. कोयना धरणाने महाराष्ट्राला वीज दिली. परंतु त्यासाठी घरदार सोडलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळला. १९६७ च्या भूकंपाची झळ याच खोऱ्याने सोसली. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली आणि डोंगरउतारावरील वस्त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुन्हा उघडा पडला. तालुक्यातील तरुण आजही मुंबईची वाट धरतात. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण माणसांना हमालीसाठी गाव सोडावे लागते, यात अभिमान कसला?

गटांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. साखर कारखाना, शाळा, रस्ते यांत त्यांचा वाटा आहे, आणि अडीअडचणीला धावून येणारा कार्यकर्ता दुर्गम वाडीतील माणसाला पक्षाच्या जाहीरनाम्याहून जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. तथापि दाखला, बदली, बोअरवेल अशी वैयक्तिक कामे करून घेण्याच्या सवयीत साऱ्या खोऱ्याचे सामायिक प्रश्न मागे पडतात, हेही तितकेच खरे.

म्हणून २०२९ ची वाट न पाहता गावोगावच्या सुशिक्षितांनी एक काम हाती घ्यावे. पुनर्वसन, दरडी आणि रोजगार या तीन प्रश्नांवर कोणी काय आश्वासन दिले आणि त्यातले किती पार पाडले, याची नोंद ग्रामसभेत ठेवावी, आणि मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येकापुढे, तो कोणत्याही गटाचा असो, ती वाचून दाखवावी. ज्या मतदारसंघात ५८० मतांनी निकाल फिरला, तेथे अशा चार गावांनी आग्रह धरला तरी उमेदवारांना उत्तर देणे भाग पडेल.