कानस चालवण्याआधी

मॉरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्दिनी. पुणे-कोल्हापूरच्या रेंजवर सामन्यासाठीची जी एअर पिस्तुलं दिसतात, त्यांत ही नावं हमखास असतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली अशा देशांतून ती येतात आणि किंमत ऐकून घरच्यांना घाम फुटतो. असं महागडं पिस्तूल खोक्यातून निघतं न निघतं, तोच पोरांमध्ये चर्चा सुरू होते: मूठ बदलायची का, ट्रिगर हलका करायचा का, पुढे वजन लावायचं का? सिनियरच्या पिस्तुलाला काय काय केलंय, हे बघून हात शिवशिवायला लागतात.

यातलं खरंच काय करावं, हे लक्ष्यावरच्या मापांवरून समजतं. दहा मीटरवरचं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. पिस्तुलावरच्या पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर धरलं, तर पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली, तरी छर्रा लक्ष्यावर तीन सेंटिमीटर बाजूला जातो. म्हणजे दहाऐवजी थेट सात. उलट मनगट न मुडपता अख्खा हातच एक मिलिमीटर हलला, तर छर्राही फक्त मिलिमीटरभरच हलतो. हात थोडाफार डुलणारच, ते चालतं. साइट बिघडलेली चालत नाही. आणि साइट सरळ राहणं बरंचसं मुठीवर अवलंबून असतं.

म्हणून जाणते कोच आधी एक साधी परीक्षा घेतात. पिस्तूल रिकामं, नळी लक्ष्याच्या दिशेने. “डोळे मीट. हात उचल. थांब. आता उघड.” मुलगी डोळे उघडते. “काय दिसतंय?” “सर, फ्रंट साइट डावीकडे आहे.” “खाली घे. परत.” असं पुन्हा पुन्हा. दर वेळी साइट डावीकडेच दिसली, तर दोष मुठीत आहे. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मधेच वर दिसली, तर मुठीला हात लावायचं कारण नाही. पकडच अजून बसलेली नाही, आणि रोज बदलणाऱ्या पकडीला मापाची मूठ कोण करून देणार?

दोष मुठीतच असला, तरी लगेच कानस हातात घ्यायची नसते. बऱ्याच पिस्तुलांत स्क्रू सैल करून मूठ थोडी फिरवता येते, तळहाताखालची फळी वर-खाली सरकवता येते. यात खर्च शून्य, आणि नाही जमलं तर पुन्हा होतं तसं. त्यानेही भागलं नाही, तर पुट्टी. तळहाताच्या खोलगट भागात मूठ टेकत नसेल, तिथे दोन भाग मळून केलेली एपॉक्सी पुट्टी थापायची. चिकटू नये म्हणून वर पातळ प्लॅस्टिक धरायचं आणि नेहमीच्या पकडीत मूठ दाबायची. बोटांचे ठसे उमटतात. घट्ट झाल्यावर उंचवटे पॉलिश पेपरने उतरवायचे, मग पुन्हा डोळे मिटून परीक्षा. लाकूड घासायची पाळी सगळ्यात शेवटी, कारण पुट्टी खरवडून काढता येते, घासलेलं अक्रोड परत येत नाही. मधल्या बोटावर तासाभराने लाल वळ उठत असेल, तर तेवढाच कंगोरा घासावा. अख्खी मूठ गुळगुळीत करत बसणं हा निव्वळ वेळ घालवायचा उद्योग.

हौशी कारागिरांना सामन्याचे नियम आठवत नाहीत. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये, ती हाताला वेढणारी नको, तळहाताखालची फळी वर वळलेली नको. पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे आणि त्याचं वजन १५०० ग्रॅमच्या आत हवं.

ट्रिगरबाबत फार वाद नको. एअर पिस्तुलात तो किमान ५०० ग्रॅम ओढीचा हवा आणि महागड्या पिस्तुलांचा ट्रिगर मुळातच इतका चांगला असतो, की बाहेरचे सुटे भाग घालून फारसं काही हाती लागत नाही. बोट कुठे टेकतं, पहिला टप्पा कुठे संपतो, एवढं स्क्रूने जुळवून घेतलं की झालं. नळीखाली वजन लावल्याने पिस्तूल स्थिर वाटतं खरं, पण ६० शॉट आणि ७५ मिनिटं ते एका हाताने उचलायचं असतं. पहिल्या सिरीजमध्ये सुखावणारं वजन सहाव्या सिरीजमध्ये खांदा मागतं.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली तुर्कीच्या युसुफ दिकेचने साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून मिश्र सांघिक रौप्य जिंकलं. ‘सामान लागतच नाही’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ अनेकांनी काढला. पण त्याने वगळलं होतं ते डोळ्यावरचं सामान. हातात होतं ते सामन्याचंच पिस्तूल.

आणखी एक हिशेब सहसा सुटतो, तो जोडपिस्तुलाचा, म्हणजे सोबत राखीव ठेवलेल्या दुसऱ्या पिस्तुलाचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अशी वेळ कुणावरही येऊ शकते. तेव्हा पहिल्याची मूठ घासून हाताला बसवली आणि जोडपिस्तुलाची कारखान्यातून आली तशीच ठेवली, तर ऐन वेळी हातात परकं पिस्तूल येतं. म्हणजे जो बदल करायचा, तो दोनदा करायची तयारी हवी.

तेव्हा नव्या पिस्तुलाला पहिले काही महिने फक्त स्क्रू आणि पुट्टी पुरे. मुठीवरचा खर्च परीक्षेत दोष ठरल्यावरच करावा. बाकीचे पैसे छर्ऱ्यांवर घालवावेत. आणि ट्रिगर काट्यावर ५०० ग्रॅमवर न ठेवता थोडा वर ठेवावा, कारण सामना संपल्यावरही तो वजन अडकवून तपासला जाऊ शकतो आणि ट्रिगरने ते वजन उचललं नाही, तर सगळे गुण जातात.