'काय झालं?' न विचारणारा सिनेमा

गोष्ट थोडक्यात

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा २०१६ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. जगणं नकोसं झालेला मानव (आलोक राजवाडे) रुग्णालयातून पळालेला असतो. वाटेत भेटलेली जानकी (इरावती हर्षे) त्याला कोकणात समुद्राकाठच्या घरी नेते. ती स्वतःही नैराश्यातून सावरते आहे. निर्माते डॉ. मोहन आगाशे मुळात मनोविकारतज्ज्ञ. पडद्यावर ते कासवं जपणारे दत्ताभाऊ आहेत.

नैराश्यात उपयोग कुठे होतो

ताप थर्मामीटरवर दिसतो, नैराश्य कुठे दाखवणार? 'नेमकं काय होतंय?' याला आजारी माणसाकडे उत्तर नसतं. मानव पडून राहतो, बोलत नाही, मध्येच उसळतो. त्याच्याकडे बोट दाखवून 'हे असं' एवढं तरी म्हणता येतं. मला हाच सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

दुसरा उपयोग घरच्यांना. जानकी त्याला खोदून खोदून विचारत नाही, उपदेश पाजत नाही. राहायला जागा देते, खायला घालते, वाट पाहते. आपल्या घरांत 'तुला कमी काय आहे?' हे मायेनेच विचारलं जातं. ऐकणाऱ्याला मात्र तो आरोप वाटतो.

कासवच का

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं आपली आपणच बाहेर येतात. कासवमित्र घरट्यांना कुंपण घालतात, कुत्री-कोल्ही दूर ठेवतात. पाण्यापर्यंत मात्र पिल्लांना स्वतःच चालू देतात. जानकीही मानवसाठी एवढंच करते.

पाहताना

नैराश्यात लक्ष टिकत नाही, तेव्हा अर्धा-अर्धा तास पाहिला तरी चालेल. यात आत्महत्येच्या प्रयत्नाचा विषय आहे. तसे विचार मनात येत असतील तर सिनेमा राहू द्या, आधी डॉक्टरांना किंवा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सेवा चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत. चालू गोळ्या सिनेमाच्या भरवशावर सोडू नयेत.

आणि सोबत बसणाऱ्यांनी, संपल्या संपल्या 'कसा वाटला?' विचारू नये. चहा टाकावा.