रूळ, खडी आणि पायवाट

पावसाळा लागला की बेळगावात एकच प्रश्न घरोघर निघतो: कॅसलरॉकला उतरून रुळांवरून चालत दूधसागर गाठता येईल का? अंतर जेमतेम चौदा किलोमीटर, दोन्ही बाजूंना घनदाट रान, मध्ये बोगदे आणि शेवटी तो पांढरा धबधबा. वर्षानुवर्षं पोरं गेलीही. पण हा रूळ जिवंत आहे, त्याच्यावरून गाड्या धावतात. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रुळांवर विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेपेक्षा धोका मोठा. उतारावर भरलेली मालगाडी चटकन थांबत नाही, आणि बोगद्यात ट्रॅकमनसाठी भिंतीत ठेवलेले कोनाडे सोडले तर अंग चोरायलाही जागा नसते.

तरीही रुळांची वाट चालणाऱ्याला खुणावते, आणि त्याचं कारण चढात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरतं, म्हणून रेल्वेला फार उभा चढ झेपत नाही. कॅसलरॉक ते कुळे हा २६ किलोमीटरचा घाट १८८८ पर्यंत मीटरगेजवर उभा राहिला. एका टोकाला इंग्रजांचा मुलूख, दुसऱ्या टोकाला पोर्तुगीजांचा. त्या काळी इथे सामानाची जकात तपासली जाई. देशातल्या अवघड घाटांत त्याची गणना होते, पण त्याचा सर्वांत उभा चढही ३७ मीटर चालल्यावर एक मीटर, एवढाच. पायांना तो जेमतेम जाणवतो. डोंगर आडवा आला की इंजिनिअर वळसा घेतो, बोगदा खणतो, दरीवर पूल टाकतो, पण चढ वाढू देत नाही. म्हणूनच गाड्या बंद झालेला मार्ग म्हातारी माणसं आणि लहान मुलंही चालू शकतील असा असतो.

मात्र रूळ होते तसेच ठेवून त्यावरून चालणं सुखाचं नाही. ब्रॉडगेजवर एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर असतात, म्हणजे दर ६० सेंटिमीटरला एक. मोठ्या माणसाचं पाऊल त्याहून लांब पडतं. प्रत्येक स्लीपरवर पाय टाकावा तर चाल आखडते, एक सोडून टाकावा तर ताणते. मधल्या खडीवर घोटा मुरगळतो. त्यामुळे पायवाट करताना आधी रूळ आणि स्लीपर काढतात. जुन्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट हे विषारी डांबरी तेल पाजलेलं असतं, म्हणून तेही तिथून हलवावे लागतात. मग खडी उचलून किंवा दाबून तिच्यावर क्रशरची बारीक चुरी पसरतात आणि रोलर फिरवतात. पुलावर फळ्या आणि कठडा, बोगद्यात दिवे.

माझ्या मते यातलं सर्वांत महत्त्वाचं काम डोळ्यांत न भरणारं आहे: कापलेल्या डोंगराच्या पायथ्याची गटारं. रेल्वे चालू असताना रूळ सांभाळणाऱ्या कामगारांची गँग दर पावसाळ्याआधी ती साफ करते. गाड्या बंद झाल्या की गँगही जाते, गटार मातीनं भरतं, पाणी वाटेवर येतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत भराव वाहू लागतो. सह्याद्रीच्या पावसात तर याहून लवकर. पायवाट बांधणाऱ्यानं चुरीपेक्षा आधी गटारांसाठी कायमची माणसं नेमावीत.

स्पेनमध्ये १९९३ पासून बंद रेल्वेमार्गांचे असे ‘हिरवे मार्ग’ तयार होत आले. आज ते ३००० किलोमीटरहून अधिक आहेत. अमेरिकेत १९८३ च्या कायद्यानं बंद मार्गाची जमीन तुकडे न होता पुढच्या गरजेसाठी राखून ठेवायची आणि मधल्या काळात तिथे पायवाट करायची सोय झाली. सगळी मेख या अखंड पट्ट्यातच आहे. एकदा तो शेतांत आणि प्लॉटांत वाटला गेला की कुठल्याही पैशानं परत जुळत नाही.

आपल्याकडे असे मार्ग फारसे का नाहीत? आपले रूळ बहुधा बंद पडले नाहीत, रुंद झाले. १९९० च्या दशकात मिरज–लोंढा आणि लोंढा–गोवा मार्गांवर मीटरगेजची जागा ब्रॉडगेजनं घेतली, तीही बव्हंशी त्याच भरावावर. मागे मोकळी वाट उरली नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीसारख्या गावी तर रेल्वे आलीच नाही, मग सोडून जाण्यासारखा मार्ग कुठून असणार?

मार्गच बदलल्याचं मोठं उदाहरण मुंबई–पुणे मार्गावरच्या बोरघाटात आहे. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ वळायला जागा नव्हती, म्हणून गाडी एका आंधळ्या फाट्यात नेत, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडत आणि उलट दिशेनं पुढचा चढ चढत. त्या ठिकाणाला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ मध्ये नवे बोगदे खणून मार्ग वळवला आणि हा तुकडा सुटला.

दूधसागर मात्र आज दोन रीतींनी बघावा. लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या दिवसाच्या गाडीत खिडकी धरावी. गाडी धबधब्याच्या अगदी समोरच्या पुलावरून जाते. किंवा हंगामात कुळ्यात उतरून वनखात्याच्या परवानगीच्या जीपनं अभयारण्यातून आत जावं आणि शेवटचा टप्पा पायी करावा. पावसाळ्यात ओढे भरले की जीपचा रस्ता बंद असतो, तेव्हा निघण्याआधी कुळ्यात चौकशी करून घ्यावी.