एक्स्प्लेनर : मोगऱ्याची छाटणी जानेवारीतच का? वसंतासाठी घरच्या फुलबागेची तयारी कशी करावी?

शेजारच्या गॅलरीतला मोगरा मार्चमध्ये दरवळू लागतो आणि आपल्या कुंडीत मात्र नुसती हिरवीगार पाने असतात. मग खत बदलले जाते, कुंडी बदलली जाते, कधी रोपच बदलले जाते. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा दोन महिने आधीच झालेली असते. आपल्याकडे वसंतातल्या फुलांची तयारी थंडीतच, म्हणजे संक्रांतीच्या आसपास सुरू करावी लागते.

छाटणी केल्याने फुले का वाढतात?

मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात, जुन्या काड्यांवर नाही. झाड छाटले नाही तर जुनाट फांद्या लांबत राहतात आणि नवे फुटवे मोजकेच येतात. प्रत्येक काडी कापली की खालच्या डोळ्यांतून दोन-तीन फुटवे निघतात. जितके फुटवे, तितकी कळ्या येण्याची ठिकाणे. एवढे साधे गणित आहे.

मोगऱ्याची शेती करणारे शेतकरी छाटणीआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात आणि मग जमिनीपासून साधारण दीड फुटावर झाड छाटतात. कुंडीतल्या रोपावर इतके कठोर होण्याची गरज नाही. आठवडाभर पाणी कमी करावे आणि साधारण निम्मी उंची ठेवून छाटावे. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या काड्या मुळाशीच काढाव्यात. सिकेटर धारदार हवे. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि तिथून बुरशी शिरते. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उशीर झाला तरी हलकी छाटणी चालते, पण कळ्या दिसू लागल्यावर कात्री लावू नये.

खत कोणते आणि किती?

पानेच पाने येण्याचे दुसरे कारण म्हणजे नत्राचा अतिरेक. दर पंधरवड्याला मूठभर युरिया टाकणारे हौशी बागप्रेमी कमी नाहीत. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत शेतातल्या मोगऱ्याच्या एका झाडाला वर्षाला नत्र ६० ग्रॅम, तर स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १२० ग्रॅम असे प्रमाण आहे, तेही दोन हप्त्यांत. पहिला हप्ता छाटणीनंतरचा. कुंडीसाठी हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत, मुळे जळतील. लक्षात ठेवायचे ते गुणोत्तर : नत्राच्या दुप्पट स्फुरद आणि पालाश.

घरच्या कुंडीला दोन-तीन मुठी गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड पुरते. ‘पूर्ण कुजलेले’ हा शब्द महत्त्वाचा. ताजे शेण कुजताना तापते आणि त्यातून हुमणीच्या अळ्याही येतात. खत घालण्याआधी वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने हलकेच मोकळी करावी. ऊनही तितकेच गरजेचे. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल, तर वरचे सगळे करूनही मोगरा रुसतोच.

अंगणात वाफा असेल तर?

आधी निचरा तपासावा. फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरावा, ते मुरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी तासाला इंचभरही उतरत नसेल, तर मुळे गुदमरणार. देशावरच्या काळ्या मातीत हे हमखास होते. ती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यात शेणखत आणि पोयटा मिसळावा आणि वाफा जमिनीपासून थोडा उंच करावा. कोकणातल्या जांभ्या मातीची अडचण उलटी, तिच्यात पाणी टिकत नाही. उपाय मात्र पुन्हा शेणखतच.

पानगळीचा पाचोळा जाळू नये, वाफ्यावर अंथरावा. मात्र तो मातीत मिसळू नये. कोरडा पाचोळा कुजवताना जिवाणू मातीतले नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात.

गॅलरीत किंवा गच्चीवर वाफा बांधावा का?

इथे फुलांपेक्षा मोठा प्रश्न वजनाचा आहे. ओली माती घनमीटरला साधारण १.८ टन भरते. म्हणजे फूटभर खोल वाफ्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५४० किलो. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार घरांच्या गॅलरीचा वापरभार चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो धरतात. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी तो याच्या निम्मा असतो. आराखड्यात सुरक्षिततेसाठी वाव ठेवलेला असतो, हे खरे. पण तो गंजलेल्या सळया आणि जुन्या काँक्रीटसाठी राखलेला आहे, आपल्या शेवंतीसाठी नाही. शिवाय गळतीवरून सोसायटीत होणारी भांडणे वेगळीच.

त्यामुळे गॅलरीत सुट्या कुंड्याच बऱ्या. बारा इंची कुंडी ओल्या मातीसह २५ ते ३० किलोंची होते. पुढे झुकलेल्या गॅलरीत बाहेरच्या कडेवरचे वजन स्लॅबला सर्वाधिक ताण देते, म्हणून जड कुंड्या घराच्या भिंतीला लागून ठेवाव्यात. मातीत कोकोपीट मिसळल्यास भार कमी होतो. गच्चीवर वाफा हवाच असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारावे.

आता काय पेरता येईल?

पाडव्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल, तर बी जानेवारीतच पेरायला हवे, कारण पेरणीपासून फुलापर्यंत साधारण दोन महिने लागतात. झिनियाला रोप उपटून लावलेले मानवत नाही, त्याचे बी थेट वाफ्यात टाकावे. पिटुनिया आणि ॲस्टर अजून फुलत असतील तर जागेसाठी उपटायची घाई नको. त्यांची सुकलेली फुले खुडत राहिल्यास बहर लांबतो. निशिगंधाचे कंद मात्र थांबू शकतात, ते मार्च ते मे दरम्यान लावले तरी चालतात.